नवी शेगडी आणि पहिले चार स्वयंपाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार बायकांसमोर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मागच्या बैठकीत मी एका गोष्टीला 'नाही' म्हटले, तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "नाही का, ते वर्धापनदिनी सर्वांना सांगा." म्हणून आज उभी आहे.

गोष्ट आपल्या नव्या शेगडीची. मंडळाने भरीत-भाकरीच्या विक्रीसाठी कोळशाची मोठी शेगडी घेतली. आतून चार बोटे जाड माती, खाली हवेचे दार, वर झाकण. सर्वांना ती फार आवडली आणि लगेच बेत ठरला की, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला शंभर पुरणपोळ्या हिच्यावरच करावयाच्या. मी म्हटले, पहिल्या दिवशी पुरणपोळी नको. काही जणींना वाटले, ही अपशकुन करते. तसे नाही. मला त्याची किंमत ठाऊक आहे, म्हणून म्हटले.

१९९८ साली मी सून म्हणून चांदवडला आले. लग्नानंतर चौथ्या दिवशी घरात पाहुणे तीसएक. सासूबाई म्हणाल्या, "नव्या सुनेच्या हातची पुरणपोळी होऊ दे." मागच्या पडवीत शेगडी मांडली होती, नुकतीच आतून लिंपलेली. मी माहेरी चुलीवर शिकलेली. उत्साहाने शेगडी काठोकाठ भरली, वारा घातला, निखारे लालबुंद केले. पाचवी पोळी तव्यावर होती, तोच आतून 'टक्' असा आवाज झाला. मातीला उभी चीर गेली, एक ढलपी सुटली, निखारे खाली आले आणि तवा कलंडला. त्याआधीच्या चार पोळ्यांना बाहेरून काळे डाग आणि आत पुरण गारच.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण पाहुण्यांतील एक बाई म्हणाल्या, "आईने काही शिकवले नाही वाटते." मला बोलल्या असत्या तर मी विसरले असते. आईचे नाव निघाले, ते मी आजवर विसरले नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' अशी म्हण आपण सुनेला ऐकवितो. पण भगिनींनो, कधी कधी अंगण खरेच वाकडे असते! सासूबाईंनीच पुढे कित्येक वर्षांनी सांगितले की, ती माती आदल्याच दिवशी लिंपली होती. आतून ओली होती.

आता त्यामागचे कारण सांगते. मातीत पाणी मुरलेले असते. एकदम मोठा जाळ लागला की त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडावयास वाट मिळत नाही, मग ती माती फोडून निघते. म्हणून नवी शेगडी आधी सावलीत चांगली वाळू द्यावी. नंतर पहिल्या दिवशी ओंजळभर निखारे तासभर ठेवावेत, दुसऱ्या दिवशी थोडे जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी. दरवेळी ती आपोआप निवू द्यावी. तापलेल्या मातीवर पाणी कधीही ओतू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जाड माती उशिरा तापते आणि उशिरा निवते. गॅसची कळ फिरविली की आच कमी होते. मातीचे तसे नाही. आच वाढविणे सोपे, पण एकदा भिंती तापल्या की खालचे दार लावूनही बराच वेळ त्या उतरत नाहीत. माझा पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. तिकडे चिनी मातीच्या, अंड्याच्या आकाराच्या कोळशाच्या शेगड्या मिळतात. मूळ जपानच्या. तेथे 'कामादो' म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी तशा शेगड्या आपल्या देशी नेल्या. त्यांचीही तऱ्हा आपल्या शेगडीसारखीच. जाड भिंत ऊब धरते आणि खालच्या व वरच्या दारांनी हवा कमीजास्त करावयाची. तो सांगतो की, तिकडेही पहिल्याच दिवशी मोठा बेत करणारे पस्तावतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, पहिले पदार्थ आपल्या हौसेचे निवडू नयेत. आपली चूक पोटात घालतील आणि विस्तवाची ओळख करून देतील, असे निवडावेत. मी चार सांगते.

पहिला दूध. नव्या घरात आपण दूध उतू घालतो, तो शकुनही साधतो. ओंजळभर निखाऱ्यांवर दूध ठेवावे आणि जवळ बसून राहावे. किती वेळाने साय धरते, किती वेळाने वर येते, यावरून मंद आच म्हणजे किती, हे डोळ्यांना कळते. खालच्या गरम राखेत चार रताळी पुरून ठेवावीत. कच्ची राहिली तर पुन्हा पुरावीत. नुकसान काही नाही.

दुसरा अख्ख्या उडदाची आमटी. रात्रभर भिजविलेले उडीद पातेल्यात घालून, निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर देऊन, खालचे दार बोटभर उघडे ठेवावे. घाई करू नये. उडीद जितके शिजतील तितके गोड लागतात. या एका पदार्थात दाराचा सगळा अभ्यास होतो. उकळी फार आली तर दार लोटावे, मंदावली तर उघडावे, आणि दार हलविल्यावर फरक पडावयास किती वेळ लागतो, ते ध्यानात ठेवावे.

तिसरे भरीत. आता शेगडी मोठ्या आचेला तयार झाली. शेजारच्या जळगावची हिरवी-पांढरी भरताची वांगी मिळाली तर उत्तमच. वांग्याला तेलाचे बोट लावावे, सुरीने दोनतीन ठिकाणी टोचावे, नाहीतर ते फुटते. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली की वांगी ठेवावीत. कोळसा काळा असताना घाई केली तर धुराचा कडवटपणा येतो. बाजूला चार अख्खे कांदे, मिरच्या आणि खोबऱ्याची वाटी भाजून घ्यावी. कांद्याच्या मुलखात राहतो आपण, कांद्याची काय वाण! साल कितीही करपली तरी आतला कांदा गोडच निघतो. दुसऱ्या दिवशीच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याला त्याचे वाटण होते.

चौथी बाजरीची भाकरी. येथे खरी परीक्षा, कारण तव्याला सगळीकडे सारखी आच लागते. निखारे मध्ये ढीग करून ठेवू नयेत, पसरावेत. वीतभर उंचीवर तळहात धरून मनात आकडे म्हणावेत. दहापर्यंत हात टिकला तर आच मंद, पाचापर्यंत टिकला तर मध्यम, दोनतीनच्या आत ओढून घ्यावा लागला तर कडक. भाकरीला कडक हवी, पोळीला मध्यम. भाकरी चारी बाजूंनी सारखी फुगू लागली की शेगडी आपली झाली, असे समजावे. मग खुशाल पुरण शिजवावयास घ्यावे. पुरणात गूळ असतो, तो क्षणात करपतो. म्हणूनच तो मान शेवटी.

दोन गोष्टी आणखी. कोळसे पेटविण्यास रॉकेल वापरू नका. वास अन्नाला लागतो. गोवरीचा तुकडा किंवा नारळाची शेंडी पुरते. आणि शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. थंडीत बाळंतिणीच्या बाजेजवळ शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची आपल्याकडे रीत होती. मीही एकदा जावेच्या बाळंतपणात तेच केले. अर्ध्या तासात तिचे डोके जड झाले, मळमळू लागले. मला वाटले, अशक्तपणा. नशिबाने सासूबाईंनी दार उघडले. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास, आणि झोपेतच माणूस जातो. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. शेगडी अंगणात किंवा उघड्या पडवीतच. काम झाल्यावर झाकण आणि दार घट्ट लावले की निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी कामास येतो.

आता थोडे शेगडीपलीकडचे बोलते. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच चांदवडला भरले होते. शरद जोशी यांच्या त्या विषयावरील पुस्तकाचे नाव 'चांदवडची शिदोरी'. बाईच्या कष्टाला मोल आहे, हे ज्या गावात मोठ्याने बोलले गेले, त्याच गावात बारा वर्षांनी चार पोळ्यांवरून माझ्या आईचे मोल ठरले. त्या बाईंचा मला आता राग नाही. त्यांचीही पहिल्या दिवशी कोणी अशीच परीक्षा घेतली असेल.

यंदा वैशाखात माझ्या घरी सून आली. पाहुणे होते, पुरणपोळीची फर्माईशही झाली. मी म्हटले, आज पोळ्या मी करते. सुनेला सांगितले, "बाळ, तू फक्त दूध तापव." ती घाबरून म्हणाली, "आई, माझ्या हातून काही चुकले का?" मी म्हटले, "नाही गं. आमच्या घराची आच तुला अजून कळायची आहे." त्या दिवशी तिच्या हातून दूध थोडे उतू गेले. मी म्हटले, शकुन झाला.

तेव्हा चिटणीसबाई, माझा 'नाही' एवढ्यासाठीच. पुरणपोळ्या होतीलच, पण पाचव्या खेपेस. पहिला विस्तव येत्या शनिवारी दुपारी, मंडळाच्या अंगणात. प्रत्येकीने एक रताळे आणावे, दूध माझ्याकडून. नव्या सुनांना मुद्दाम सोबत आणा आणि विस्तवाजवळची जागा त्यांना द्या.

 रेणुकामाता आपल्या मंडळास उदंड आयुष्य देवो, एवढे मागून मी खाली बसते.