सरदारांच्या छातीत उभा प्रेक्षक

साक्रीच्या श्रोत्यांना गोंदूर काही लांब नाही. धुळे शहराजवळच्या याच गावात 1925 साली शिल्पकार राम वनजी सुतार जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. पुढे पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी वेरूळच्या शिल्पांची डागडुजी केली. माणसाचं शरीर हाच त्यांचा जन्मभराचा विषय.

केवडियातला सरदार पटेलांचा 182 मीटर उंच पुतळा त्यांच्याच संकल्पनेतून उभा राहिला. 31 ऑक्टोबर 2018 रोजी त्याचं अनावरण झालं. सरदार चालण्याच्या पवित्र्यात आहेत, त्यामुळे दोन पावलांत फट राहते. भार पेलतात ते पायांतले काँक्रीटचे दोन गाभे. वाऱ्याने पुतळा डोलू नये म्हणून आत प्रत्येकी 250 टनांची दोन वजनं बसवली आहेत.

लिफ्ट पायांतूनच वर जाते. छातीशी उतरलेला प्रेक्षक तिथल्या झरोक्यांतून नर्मदेवरचं धरण बघतो. शरीर पाहायला आलेला माणूस शरीराच्या आतच उभा!

एवढी भव्यता मात्र सगळ्यांनाच मानवत नाही. चित्रकार सुधीर पटवर्धनांचंच बघा. ठाण्यात ते 1975 ते 2005 क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसा रुग्णांची हाडं-फुप्फुसं तपासायची आणि उरलेल्या वेळात कॅनव्हाससमोर उभं राहायचं. त्यांच्या चित्रांत कामगार, लोकलचे प्रवासी, इराण्याकडे बसलेलं गिऱ्हाईक दिसतं. रुंद, जडशीळ, थकलेली ही शरीरं कुणालाही ओळखीची वाटतात, आणि त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागत नाही.