भिंतीवरच्या पालीतले बिऱ्हाडकरू



संध्याकाळी दिवे लागले की ट्यूबलाइटच्या आसपास पाली जमायला लागतात. एखादी खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटून बसलेली असेल, तर आज तिला हुसकावू नका. टॉर्च घ्या आणि आतून नीट पाहा. मादी असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसू शकतात. मग नजर पायांकडे न्या. बोटांच्या बेचक्यात, बगलेत किंवा कानाच्या भोकापाशी शेंदरी-लाल ठिपके दिसले, तर ते पालीच्या अंगावरचे रंग समजू नका. ते जिवंत प्राणी आहेत. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात, त्याच जातकुळीतले हे माइट. गेकोबिया हे त्यांचं शास्त्रीय नाव. तोंड पालीच्या कातडीत रुतवून ते एका जागी बसून राहतात आणि पालींच्याच अंगावर जगतात. माणसाला ते लागत नाहीत, तेव्हा घाबरून फवारणीचा डबा शोधायची गरज नाही.

शहरातल्या पालींच्या अंगावर आणि अंगात राहणाऱ्या अशा बिऱ्हाडकरूंविषयी, म्हणजे परजीवींविषयी, आज बोलायचं आहे. पालीविषयी आपल्याकडे बोललं पुष्कळ जातं. ती अंगावर कुठे पडली तर काय फळ, हेसुद्धा पंचांगात छापलेलं असतं. पण तिच्या पोटात, फुप्फुसात, पित्ताशयात कोण राहतं, हे कुणी फारसं विचारत नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणि बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत येतं.

माइटचं जगणं सोपं आहे. एका पालीवरून दुसरीवर गेलं की झालं. आतड्यात राहणाऱ्या बारीक सूत्रकृमींचंही तसंच. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि दुसऱ्या पालीच्या तोंडात गेली की कृमीचा पुढचा जन्म सुरू. मध्ये तिसऱ्या कुणाची गरज नसते. दिव्याच्या उजेडात एकाच भिंतीवर अनेक पाली गोळा होतात, तिथे अशा परजीवींची सोय आपोआपच होते.

काहींचं मात्र एका पोशिंद्यावर भागत नाही. वाढीचा एक टप्पा एका प्राण्यात आणि पुढचा दुसऱ्यात, अशी त्यांची रीत. शहरात आल्यावर हा मधला प्राणी मिळाला नाही, तर तो परजीवी तिथे टिकत नाही. मधला प्राणी शहरातच माजलेला असेल, तर परजीवीची चंगळ होते. पालीच्या फुप्फुसातल्या रायलिएटिएला या किड्याची गोष्ट नेमकी अशी आहे.

हा दिसायला जंताएवढा साधा, सेंटिमीटरभर लांबीचा. पण त्याचं नातं जंतांशी नसून झिंगे-खेकड्यांच्या कुळाशी आहे. तोंडाभोवती चार आकडे असतात. ते फुप्फुसाच्या आतल्या भिंतीत रोवून तो रक्त पितो. मादीची अंडी पालीच्या श्वासनलिकेतून वर घशात येतात, पाल ती गिळते आणि विष्ठेबरोबर ती बाहेर पडतात. भिंतीवर किंवा ओट्यामागे पडलेली ती विष्ठा झुरळ खातं. झुरळाच्या अंगात अळी वाढते. मग एखाद्या रात्री सिंकखालून निघालेलं ते झुरळ पालीच्या तोंडी लागतं आणि अळी पुन्हा फुप्फुसात पोचते. पाल, झुरळ, पाल. हे सगळं चक्र एका स्वयंपाकघराच्या चार भिंतींत पुरं होऊ शकतं. आपण उघडा ठेवलेला कचऱ्याचा डबा त्या चक्राला जोर देतो, एवढं मात्र मला ठासून सांगायचं आहे.

आपल्या दक्षिण आशियातली एक घरपाल, हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस, जहाजांतल्या मालाबरोबर जगभर पोचली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ती घराघरांत स्थिरावली आणि तिच्याबरोबर फुप्फुसातला हा पाहुणाही गेला. त्याच ऑस्ट्रेलियात 1935 साली उसावरच्या किडीचा बंदोबस्त म्हणून केन टोड हा परका भेक आणून सोडला होता. पुढे संशोधकांना त्या भेकांच्या फुप्फुसांत पालीचा हा किडा सापडला. दोन्ही प्राणी बाहेरचे, एकाच अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणारे, आणि परजीवी एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. माणसाने हलवलेला प्राणी एकटा हलत नाही.

मांजर पाळणाऱ्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन ऐकावं. कॅरिबियन बेटं, फ्लोरिडा, हवाई अशा उष्ण प्रदेशांत मांजरांना यकृताचा एक चपटा कृमी होतो, प्लॅटिनोसोमम. त्याची सुरुवात कुंडीच्या मातीतल्या इवल्याशा, लांबट शंखाच्या गोगलगायीत होते. तिथून तो कुंडी उचलली की खाली वळवळताना दिसणाऱ्या करड्या, बहुपायी किड्यांत जातो. त्या किड्याला पाल किंवा सरडा खातो, आणि त्यांना मांजर. मांजराच्या पित्तनलिकांत कृमी मोठा होतो. थोडे असतील तर काही जाणवत नाही. खूप झाले तर उलट्या, खंगणं, कावीळ. मांजर पालीची शिकार करत असेल आणि त्याचे डोळे पिवळे दिसू लागले, तर पशुवैद्यांना शिकारीची गोष्ट आवर्जून सांगा. निदानाला तिचा उपयोग होतो.

आता श्रोत्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असेल, की आपलं काय? सरपटणाऱ्या प्राण्यांना मलेरिया होतो हे खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या सरड्यांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. आजारी सरड्यांचा दम लवकर तुटतो आणि त्यांची अंडीही कमी होतात. पण त्यांचा मलेरिया माणसाला होत नाही. पाल विषारीही नसते. दुधात पाल पडली की ते फेकून द्यायचं, हे बरोबरच आहे, पण कारण विषाचं नाही. तिच्या विष्ठेत साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात. म्हणून अन्न झाकून ठेवावं, ओटा पुसावा, विष्ठा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. एवढ्यासाठी पाल मारणं मला अन्यायाचं वाटतं, कारण डास-झुरळं खाणारं दुसरं कोण आहे आपल्या घरात?

भारतीय संशोधकांनी पालीतल्या परजीवींकडे फार पूर्वीच पाहिलं होतं. सेटना आणि बाना यांनी 1935 मध्ये पिवळसर पोटाच्या घरपालीतल्या एका एकपेशीय परजीवीचं वर्णन केलं. त्याला नावही पालीवरूनच दिलं, आयमेरिया फ्लाविविरिडिस. त्यानंतर शहरं कितीतरी पटींनी वाढली, उंच झाली, रात्रभर उजळलेली राहू लागली. त्या पालींत आज कोण राहतं, हे इमारतीगणिक तपासायला हवं, आणि ते प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यासाठी पाल मारावी लागत नाही. एका टोकाला पांढरा ठिपका असलेली ताजी विष्ठा हातमोजे घालून उचला, मिठाच्या सौम्य पाण्यात कालवा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. सूत्रकृमींची अंडी ओळखायला शिका. एखाद्या अंड्यात घडी घालून बसलेली, आकडेवाल्या चार पायांची अळी दिसली, तर ती फुप्फुसातल्या किड्याची असण्याचा संभव मोठा. मग त्याच इमारतीतली झुरळं पकडा आणि तीही तपासा.