विहीर, वीज आणि ऊस

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली १० वाघिणींची आगगाडी लातूर स्थानकात शिरली. तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते. त्याच खोऱ्यात त्या हंगामातही उसाचे गाळप मात्र झाले होते.

याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर ढकलणे सोपे, पण अन्यायाचे आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर आणि दारात कारखाना आहे. तूर-हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, खरेदीचा भरवसा नसतो. मग तो ऊसच लावणार. मराठवाड्याचा काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत, म्हणजे थोडेच. ते संपले की बोअर खोल जाते. १५ मीटरवरचे पाणी १५० मीटरवर गेले, तर तेवढ्याच पाण्याला निदान दहापट वीज लागते. ही वीज शेतकऱ्याला जाणवत नाही. कृषिपंपांची आकारणी बरीचशी अश्वशक्तीवर होत आली आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती राज्यात मोफत आहे. सौरपंपाने कोळसा वाचतो, हे खरेच. पण उन्हालाही मीटर नाही. उपशावर बंधन नसेल, तर सूर्यही भूजल रिकामे करील!

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचे गाव. १९९० च्या दशकात ग्रामसभेने तेथे कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली, ऊस-केळी वर्ज्य ठरवली. डोंगरावर समतल चर खोदले गेले. गुरे मोकाट न सुटल्याने गवत वाढले. ते कापून गोठ्यात आणले गेले, दूध वाढले आणि उघड्या विहिरींना पाणी टिकले. पावसाळा सरला की गाव पाणी मोजते. प्रथम माणसे व जनावरे, मग उरलेल्यावर रब्बीची पिके ठरतात. गावचे सरपंच राहिलेले पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

मात्र ते लहान गाव आहे. मांजरा खोऱ्यात एका गावाने संयम पाळला, तरी शेजारच्याचे बोअर त्याच खडकातून उपसत राहते. तेथे पाणलोटातील गावे, कारखाने आणि महावितरण यांना एका हिशेबावर बसावे लागेल. तेही ऑक्टोबरात, रब्बीच्या पेरणीपूर्वी. एप्रिलमध्ये वाटायला पाणीच उरलेले नसते.