ग्रामीण दारिद्र्य आणि सेवाभावी संस्था : किल्लारीचा धडा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्या किल्लारीत आपण आज एकत्र जमलो आहोत, तिचे नाव साऱ्या देशास ठाऊक झाले ते एका दुर्दैवी पहाटेमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, चारच्या सुमारास धरणी हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. उन्हाळ्यात ज्यांनी गारवा दिला, तीच घरे त्या पहाटे काळ ठरली. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत, सरकारी गणतीप्रमाणे, सुमारे आठ हजार माणसे दगावली.

देशोदेशींहून मदतीचा ओघ लोटला. त्या दातृत्वाविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु धान्य सरते, कांबळे विरते, आणि मदतीच्या मोटारी परतल्यावर गरीब मनुष्य पूर्वीच्याच जागी उभा असतो. म्हणून कोणत्या संस्थेने किती दिले, याहून ती किती काळ थांबली व जाताना गावाच्या हाती काय ठेवून गेली, हीच तिची खरी कसोटी होय, असे आम्हांस वाटते.

या कसोटीस उतरलेली दोन उदाहरणे आपणांपुढे ठेवितो. भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. ही मुले कोणत्या जातीची वा धर्माची, हा विचार तेथे आड आला नाही. घर कोसळले तरी शिकलेला मुलगा घराणे पुन्हा उभे करू शकतो, ही त्यामागील दूरदृष्टी.

दुसरे उदाहरण स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचे. तिच्या संस्थापिका कै. प्रेमा गोपालन. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पण त्यांखेरीज शेकडो गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती. शासनाने त्या कामी या संस्थेचे साहाय्य घेतले. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून स्त्रिया पुढे आणल्या व त्यांस ‘संवाद सहायक’ हे नाव मिळाले. मदतीचा हप्ता केव्हा मिळतो, भूकंपास टिकणारी भिंत कशी बांधावी, हे त्या घरोघर समजावून सांगत आणि गावाच्या अडचणी अधिकाऱ्यांच्या कानी घालीत. चार माणसांत ज्या मायभगिनींचा शब्द विचारला जात नसे, त्या बांधकामावर देखरेख करू लागल्या!

घरे उभी राहिली, तरी काम थांबले नाही. बचत गट निघाले, लहानसहान व्यवसाय सुरू झाले. २००१ साली कच्छ हादरले, तेव्हा येथील स्त्रिया तेथे धीर व अनुभव देण्यास गेल्या. पुढे दुष्काळाशी झुंजताना, घरच्या जमिनीपैकी एक एकर स्त्रीच्या हाती द्यावा व तीत तिने कुटुंबाच्या पोटापुरती धान्ये व भाजीपाला पिकवावा, ही पद्धत संस्थेने रुजविली. २०१६ साली लातूर शहरास रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, त्याच वर्षी या कार्यास संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले.

अर्थात, सेवाभावी संस्था म्हणजे सरकार नव्हे. रस्ते, पाटबंधारे, शेतमालास रास्त भाव ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती कोणी आपल्या शिरावर घेऊन शासनास मोकळे करू नये. परंतु शासनाची योजना आणि गरिबाचा उंबरठा यांमधील अंतर तोडणारा माणूस गावातच तयार करणे, हे काम संस्थाच करू जाणे.

ज्ञातिबांधवहो, आपलाही एक निधी आहे. त्यातून शिष्यवृत्त्या अवश्य द्याव्यात. परंतु त्याचा एक भाग गावातील बचत गटांस बीजभांडवल म्हणून द्यावा, तो वर्षानुवर्षे सांभाळावा, आणि त्या गटात आपल्या ज्ञातीच्या किती भगिनी आहेत हे मोजीत बसू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. भूकंपाने कोणाची जात विचारली नव्हती. दारिद्र्यही ती विचारीत नाही. सभेने या सूचनेवर आजच विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.