जोडीदार चाकाला विचारा



वसंतातील व्याख्यानमाला म्हटली की काव्य, इतिहास आणि अध्यात्म यांची पंगत आलीच. त्या पंगतीत लोखंडी चाकाचे दाते वाढायला आम्ही उभे राहिलो आहोत, हे थोडे धारिष्ट्यच आहे. पण करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर बसलेल्या गावाला हा विषय परका वाटू नये. कोकणातून भरलेला ट्रक कण्हत वर येतो, तेव्हा त्याचा सारा भार खालच्या गिअरमधील एक-दोन दाते क्षणोक्षणी एकमेकांच्या हवाली करीत असतात. दाता चुकला तर काय होईल, हे घाटातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आम्ही इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात यंत्राशेजारी उभे राहून आणि हाती लागतील ती पुस्तके वाचून जे समजले, तेवढेच सांगणार आहोत. घरच्या पडवीत जुना लेथ मांडून पोट भरणारी तरुण मंडळी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. एखादे दिवशी लेथचे एक चाक मोडते. यंत्र जुने, सुटा भाग मिळत नाही. मग चाक घरीच कापायचे ठरते, आणि तेथेच प्रश्न उभा राहतो: कटर कोणता आणावा? चुकीचा आणला तर पैसे गेले, लोखंड गेले, आणि गिऱ्हाइकाचे काम आठवडाभर पडून राहिले.

हे घरी होण्यासारखे काम आहे का, अशी शंका कोणी कोल्हापूरच्या मुलखात तरी काढू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव वारले. पण बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने 1918 मध्ये तो कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्याला आठ चित्रे पुढे सरकवण्याचा रिवाज होता, आणि प्रत्येक चित्रामागे फिल्मला चार भोके असतात. म्हणजे एका फेऱ्याला बत्तीस भोके बिनचूक सरकली पाहिजेत. असले काम दात्यांच्या हिशेबावाचून होत नाही. पदवी नसलेल्या माणसांनी तो हिशेब केला; आपणही करू शकतो.

आता मुद्द्याकडे येऊ. आमचे सांगणे एकच आहे. कटर दुकानदाराला विचारून निवडू नका. ज्या चाकाशी नव्या चाकाला फिरायचे आहे, त्या जोडीदार चाकाला विचारा. त्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, तुझ्या दात्याचे माप काय? समजा, मोडलेले चाक 38 दात्यांचे आहे. समोरासमोरच्या शाबूत दात्यांवर व्हर्नियर लावून बाहेरचा व्यास घ्या. दात्यांच्या संख्येत दोन मिळवा, म्हणजे 40. व्यासाला 40 ने भागा. व्यास 50 मिलिमीटर असेल तर उत्तर 1.25, हे मेट्रिक मॉड्यूल झाले. पण व्यास 50.8 भरला तर उत्तर येते 1.27. येथे घाईचा माणूस म्हणतो, “जवळजवळ सव्वाच की!” नव्हे. 25.4 ला 1.27 ने भागले की नेमके 20 येतात. ते यंत्र इंची मापाचे आहे आणि त्याचे माप 20 डीपी आहे. सव्वा मॉड्यूलच्या कटरने कापलेल्या चाकात एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे 0.06 मिलिमीटरने कमी पडेल. केसाएवढा हा फरक. पण दर दात्याला ठोका बसेल, आणि त्या ठोक्याने नवे चाक तर जाईलच, जुनेही नेईल.

दुसरा प्रश्न, तू जोडीदाराला कोणत्या कोनात ढकलतोस? याला दाबकोन म्हणतात. जुन्या इंग्रजी यंत्रांत बहुधा साडेचौदा अंशांचा, आणि अलीकडच्या यंत्रांत बहुधा वीस अंशांचा. वीसचा दाता बुंध्याशी रुंद दिसतो. माप एकच असले तरी या दोन जातींची सोयरीक जुळत नाही.

तिसरा प्रश्न, नव्या चाकाला दाते किती? सर्वांत जास्त फसगत येथेच होते. रिळाचा दोरा ताणून धरून उलगडत नेला, की त्याचे टोक हवेत जी वाट आखते, तोच दात्याच्या गालाचा आकार असतो. रीळ लहान तर वाट अधिक वाकडी, रीळ मोठे तर अधिक सरळ. म्हणून बारा दात्यांच्या चाकाची खाच आणि शंभर दात्यांच्या चाकाची खाच एका कटरने होत नाही. प्रत्येक मापाला आठ कटरांचा संच लागतो. 12 ते 13 दात्यांना एक, 14 ते 16 ला दुसरा, मग 17 ते 20, 21 ते 25, 26 ते 34, 35 ते 54, 55 ते 134, आणि 135 पासून सरळ दातेरी पट्टीपर्यंत शेवटचा. घोटाळा असा, की मेट्रिक संचात बहुधा 12 दात्यांकडून क्रमांक एक सुरू होतो, तर इंची संचात तो पट्टीकडून सुरू होतो. आपल्या 38 दात्यांना इंचीत क्रमांक तीन लागतो, मेट्रिकमध्ये क्रमांक सहा. नुसते “तीन नंबर द्या” म्हणणाऱ्याच्या हाती 17 ते 20 दात्यांचा कटर पडायचा. म्हणून क्रमांकावर विसंबू नका. कटरच्या अंगावर कोरलेली दात्यांची संख्या वाचा. खाचेची खोलीही तेथेच कोरलेली असते.

चौथा प्रश्न आपल्या यंत्राला विचारायचा: तुझा दांडा किती जाड? 22 मिलिमीटरच्या दांड्यावर पाऊण इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे 22.2 मिलिमीटर भोकाचा कटर सहज चढतो. पण चढला म्हणजे बसला असे नव्हे. तो डुगडुगतो, आणि मग एकच दाता सगळे काम करतो.

हे झाले की उरते मोजणी. चाळीस फेऱ्यांच्या डिव्हायडिंग हेडवर 38 दात्यांसाठी दर खाचेला एक पूर्ण फेरा आणि 19 भोकांच्या वर्तुळावरचे एक भोक पुढे. कटरला धार लावायची ती फक्त दात्याच्या समोरच्या तोंडावर, गालावर कधीही नव्हे. तसे केले तरच आकार कायम राहतो. ही युक्ती अमेरिकेच्या जोसेफ ब्राउन या कारागिराने 1864 मध्ये काढली. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कटर तेल लावून, तेलकट कागदात गुंडाळून ठेवा. येथली हवा पोलादाला चार दिवसांत खाते.

कोणी म्हणेल, आठ कटरांचा संच आम्ही कोठून आणावा? एकदाच एक चाक हवे असेल, तर हायस्पीड स्टीलचा तुकडा शाबूत खाचेत धरून, उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत घासा. तो एकदाती कटर सावकाश चालतो, पण काम चोख देतो. नेहमीचे काम असेल, तर पाच-सहा जणांनी मिळून एक पेटी घ्यावी आणि वहीत नोंद करून आळीपाळीने वापरावी. ऊस आणि दूध एकत्र केल्याने काय होते, हे ज्या जिल्ह्याने पाहिले आहे, त्याला कटरची पेटी जड होऊ नये. एकेकटा कारागीर महागडे हत्यार घेऊ शकत नाही, म्हणून तो हलके काम करतो. हलके काम करतो म्हणून मजुरी हलकी मिळते. हा फेरा तोडायला संघटनेवाचून उपाय आम्हांस तरी सापडलेला नाही.

एक शेवटची गोष्ट. 1948 च्या मूळ कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालणे बंधनकारक केले होते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असतील तेथूनच तो लागू होत असे. घरच्या पडवीत इन्स्पेक्टर येत नाही. दात्यांत गेलेली बोटे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून चाक बसवाल त्याच दिवशी त्यावर पत्र्याचे झाकण बसवा. सैल बाही, गळ्यातला टॉवेल आणि हातमोजे चालू यंत्रापासून दूर ठेवा, आणि कटर फिरत असताना कीस हाताने झाडू नका.

दात्याला दाता जुळला की चाक आवाज करीत नाही, आणि ज्याचे काम आवाज करीत नाही त्याची कोणी आठवणही काढीत नाही.