मशीन उभं का राहतं?



मदन महल जबलपूर शहराच्या एका टोकाला आणि व्हेईकल फॅक्टरी पार दुसऱ्या टोकाला. तरी आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा दिवस त्या फॅक्टरीच्या पाळीवर ठरत आला आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरचा शक्तिमान ट्रक 1959 मध्ये आधी गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला, आणि 1969 मध्ये लष्करी गाड्यांसाठी ही वेगळी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. ट्रक म्हटला की हजारो सुटे भाग आले. बुश, ब्रॅकेट, पत्र्याचे तुकडे करणारी छोटी वर्कशॉपं रिछाई, आधारताल या भागांत आजही चालतात. आज बोलायचं आहे ते अशा पुरवठादारांच्या उत्पादकतेबद्दल.

हा विषय निघाला की पहिलं बोट कारागिराकडे जातं. हात भराभर चालत नाहीत, म्हणे. मला हे मुळीच पटत नाही. हात चालतात, मशीन उभं असतं. समजा, पॉवर प्रेसवर आठ तासांच्या पाळीत दोनदा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची आहे आणि दर वेळी दीड तास जातो. तीन तास गेले! कारागिरानं घाम गाळून कितीही हात चालवले तरी ते तास परत येत नाहीत. मग मालक काय करतो, तर एकदा बसवलेली डाय काढायचीच नाही, एकाच भागाचा ढीग पाडून ठेवायचा. गिऱ्हाइकाला हवा असतो दुसराच भाग, आणि पैसा त्या ढिगात अडकून पडतो.

आपली व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली त्याच 1969 साली जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत होते. शिगेओ शिंगो या इंजिनिअरनं तो वेळ आधी दीड तासावर आणला आणि पुढच्या काही महिन्यांत तीन मिनिटांवर! नवं मशीन घेतलं नाही. मशीन चालू असतानाच पुढची डाय आणून ठेवायची, पाने-बोल्ट जुळवून ठेवायचे, डायची उंची आधीच मोजून घ्यायची. मशीन थांबवायचं ते फक्त अदलाबदलीपुरतं. बोल्टकडेही त्यांनी बारकाईनं पाहिलं. बोल्टला पंधरा आटे असले तरी आवळतो तो शेवटचा फेरा, आधीचे चौदा फेरे म्हणजे नुसती हाताची मेहनत. म्हणून खाचेत सरकवून एका पिळात आवळला जाईल असा बोल्ट त्यांनी सुचवला. हे काम रिछाईतला कुठलाही फिटर आठवड्याभरात करून दाखवील.

मात्र सगळा भार वर्कशॉपवर टाकणं अन्यायाचं होईल. दोन महिने ऑर्डर नाही आणि मग एकदम पंधरा दिवसांत माल पाहिजे, अशा मागणीपुढे झटपट डाय बदलणंही हरतं. व्हेईकल फॅक्टरी 1 ऑक्टोबर 2021 पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीत आहे. कंपनी सरकारी असो वा खाजगी, निदान तीन महिन्यांची मागणी पुरवठादाराला आधी कळलीच पाहिजे, आणि बिलाचे पैसेही वेळेवर मिळाले पाहिजेत.

तोवर वर्कशॉपवाल्यांनी एक करावं. आधीच्या कामाचा शेवटचा चांगला नग किती वाजता निघाला आणि पुढच्या कामाचा पहिला चांगला नग किती वाजता, एवढंच मशीनशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहावं. पहिला तुकडा नव्हे, पास झालेला पहिला नग. महिनाभर लिहा, आणि तो फळा कारागिरांसोबत बसून वाचा.