स्टेपनी नसलेली गाडी

(मंडळाच्या उन्हाळी सहलीआधी झालेल्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडंफार नीटनेटकं करून इथे दिलं आहे.)



कार्यकारिणीनं मला 'लांबच्या ड्राइव्हची तयारी' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी मेकॅनिक नाही, इंजिनिअरही नाही. एका टायरनं मला सहकुटुंब दोन रात्री युटामध्ये बसवून ठेवलं, एवढीच माझी पात्रता. तेव्हा आज सगळ्या तयारीबद्दल न बोलता फक्त टायरबद्दल बोलते. तेही एकाच जातीच्या टायरबद्दल, ज्याला 'रन-फ्लॅट' म्हणतात.

गोष्ट २०२३च्या ऑगस्टमधली. आई-बाबा भारतातून आले होते. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं असे सहा जण आमच्या मिनीव्हॅनमधून डेन्व्हरहून ब्राइस कॅनियनला निघालो. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यामुळे पहाटे निघताना त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागचं दार उघडलं, बॅगा सरकवल्या, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "अगं, स्टेपनी कुठाय?"

मी हसून म्हणाले, "बाबा, या गाडीला स्टेपनी नसते. टायर पंक्चर झाला तरी चालतो."

बाबा म्हणाले, "पंक्चर झालेला टायर चालतो? मग पंक्चर झालं म्हणजे काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर मला दुपारी मिळालं.

आधी 'स्टेपनी' या शब्दाबद्दल थोडं. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय, की तो मराठीच वाटतो. पण इथे टायरच्या दुकानात 'स्टेपनी' म्हटलं तर समोरचा माणूस नुसता बघत राहतो. वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास मोटारीचं जादा चाक तयार झालं आणि रस्त्याचंच नाव चाकाला मिळालं. साहेब गेला, त्याच्या देशातही तो शब्द मागे पडला. आपण मात्र अजून स्टेपनी म्हणतो. शब्द आपण जपला आणि चाक मात्र गाडीतून गेलं!

आता रन-फ्लॅट म्हणजे काय ते सांगते. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. हवा गेली की टायर बसतो आणि रिम रस्त्याला लागते. रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ केलेल्या असतात. हवा गेली की त्या भिंती काही काळ वजन पेलतात. किती काळ? बहुतेक टायरांच्या बाबतीत कंपन्या सांगतात, ताशी ५० मैलांच्या आत गाडी ठेवलीत तर साधारण ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. नेमका आकडा टायरप्रमाणे बदलतो, म्हणून तो आपल्या पुस्तकात बघून ठेवा. शिवाय गाडी भरलेली असेल, ऊन असेल, चढ-उतार असतील तर त्या ५०चे ५० मिळतीलच असं नाही. हवेविना चालताना भिंती सारख्या वाकतात, वाकून तापतात, आणि तापून आतून सुटायला लागतात. टायर मरतो तो उष्णतेनं.

दुसरी गंमत अशी, की हा टायर पंक्चर झाला तरी पंक्चर दिसत नाही. ताठ उभा असतो. म्हणून अशा गाडीत हवेचा दाब सांगणारा दिवा अत्यावश्यक. अमेरिकेत २००० साली ट्रेड अॅक्ट नावाचा कायदा झाला आणि सप्टेंबर २००७नंतर बनलेल्या सगळ्या नव्या मोटारींत हा दिवा सक्तीचा झाला. सांगितलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की तो लागायलाच हवा. म्हणजे ३५ पाहिजे असेल तर साधारण २६ला. दिवा लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

मी हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या जोडचाकासारखंच की! बसच्या मागच्या दोन चाकांतलं एक बसलं तरी दुसऱ्याच्या जोरावर गाडी सरळ दिसते. म्हणून ड्रायव्हर टॉमीनं टायर ठोकून आवाज ऐकतो. बद्द आवाज आला की समजायचं." आमच्या गाडीत टॉमी म्हणजे तो डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा.

तो दिवा ग्रीन रिव्हरच्या अलीकडे लागला. गॅस स्टेशनवर थांबलो. मागच्या डाव्या टायरमध्ये २५ होती. तीही साडेतीनशे मैलांच्या आसपास पळून तापलेल्या टायरमध्ये. गरम टायर हवा जास्त दाखवतो. साधारण दर १० अंश फॅरनहाइटला एक पाउंड. म्हणजे खरी हवा २५पेक्षाही कमी. बाबा म्हणाले, "दुकानात दाखवून घेऊ या." माझं लक्ष घड्याळाकडे. ब्राइसचं हॉटेल आधीच भरलेलं, पैसे परत न मिळणारं. मी म्हणाले, "बाबा, हवा भरते, बास." हवा भरली, दिवा विझला, मी खूश. मंडळी, दिवा विझला म्हणजे खिळा निघाला असं नव्हे!

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ग्रीन रिव्हर सोडलं की आय-७० वर सलायना येईपर्यंत सुमारे ११० मैल काहीही नाही. गॅस नाही, खाणं नाही, गॅरेज नाही. अमेरिकेच्या इंटरस्टेटवरचा हा असा सगळ्यात लांब टप्पा मानला जातो. ग्रीन रिव्हर सोडताना तशी पाटीही लागते. मी ती वाचली होती. माझ्या डोक्यात ११० होते आणि टायरचे ५०ही होते. फक्त दोन्ही आकडे एकमेकांशेजारी मांडले नव्हते.

सॅन राफेल स्वेलचे लाल-पिवळे खडक बघत ३५-एक मैल गेलो आणि दिवा पुन्हा लागला. या वेळी आकडे डोळ्यांदेखत उतरत होते. २४, १९, १२. एका व्ह्यू एरियावर गाडी घेतली. टायर ताठ उभा. बाबांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. टायर भाजत होता. फोनला सिग्नल नाही. दुपारचे तीन वाजलेले. आईचं इन्सुलिन आइसबॉक्समध्ये आणि बर्फाचं निम्मं पाणी झालेलं.

माझा नवरा म्हणाला, "हळू हळू पुढे जाऊ. ५० मैल तर मिळतात." मलाही तेच हवं होतं. पुढे हॉटेल होतं ना!

बाबांनी विचारलं, "पुढचं दुकान किती लांब?"

"सत्तर-पंचाहत्तर मैल."

"आणि मागचं?"

"पस्तीस-चाळीस."

"मग यात विचार कसला करताय?"

मी काहीच बोलले नाही. आई म्हणाली, "अगं, मागं फिरायला लाज कसली?"

खरं सांगते, मला लाजच वाटत होती. बाबांचं न ऐकता निघाले होते, म्हणून.

मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. जड बॅगा मागच्या डाव्या कोपऱ्यातून काढून उजवीकडे पुढे ठेवल्या. मुलांना बाजू बदलायला लावली. टायर थोडा निवू दिला. ट्रिप मीटर शून्यावर आणायला लावला, म्हणजे बिनहवेचे मैल मोजता येतील. पुढच्या एक्झिटवरून वळलो आणि धोक्याचे दिवे लावून उजव्या लेनमधून ताशी ४०नं परत निघालो. सॅन राफेल रीफचा उतार, वळणं, शेजारून घोंघावत जाणारे ट्रक. अचानक ब्रेक नाही, स्टिअरिंगला हिसका नाही. शेवटच्या दहा मैलांत मागून घरघर ऐकू यायला लागली. तासाभरानं ग्रीन रिव्हर दिसलं तेव्हा मीटरवर ४१ होते.

दुकानदारानं टायर रिमवरून काढला आणि आतून ओंजळभर रबराचा चुरा खाली पडला. मधोमध एक स्क्रू. जेमतेम अर्ध्या इंचाचा! पहिल्या थांब्याला दाखवला असता तर कदाचित आतून पॅच लावून भागलं असतं. आता तो दुरुस्त होण्यासारखा उरला नव्हता. हवेविना चालवलेला रन-फ्लॅट दुरुस्त करायला बरेच दुकानदार तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. भिंत आतून किती खचली ते सांगता येत नाही. त्या मापाचा टायर गावात नव्हता, तो ग्रँड जंक्शनहून यायचा होता. त्यातून गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह. चाकांच्या झिजेत फार फरक चालत नाही, म्हणून एक नाही, दोन टायर. मोटेलच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन ठेवलं तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, "मला मगाशी भीती वाटत होती गं." गाडीत एक अक्षर बोलली नव्हती.

दोन रात्री राहिलो. ग्रीन रिव्हरची टरबुजं प्रसिद्ध आहेत आणि ऑगस्ट हा त्यांचा हंगाम. आम्ही पोटभर टरबुजं खाल्ली, नदीकाठचं पॉवेल म्युझियम पाहिलं. ब्राइस राहिलं ते राहिलंच.

तर मंडळी, आता सहलीला निघण्याआधी एवढं करा. आपल्या टायरच्या भिंतीवर आरएफटी, आरओएफ, एसएसआर, झेडपी यांपैकी काही लिहिलंय का ते बघा. ही रन-फ्लॅटची खूण. गाडीत स्टेपनी, जॅक आहे का ते बघा. हल्ली रन-फ्लॅट नसलेल्या पुष्कळ गाड्यांतही स्टेपनी नसते, नुसती हवेचा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. त्या बाटलीला मुदत असते, आणि भिंतीला चीर पडली तर तिचा उपयोग नाही. भाड्याची गाडी घेणार असाल तर किल्ली हातात घेण्याआधी विचारा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. एकाच टायरची हवा कमी झाली असेल तर ती भरून पुढे जाऊ नका, कारण शोधा. मोठा निर्जन टप्पा लागायच्या आधीच्या गावात टायर बघा आणि टप्पा किती मैलांचा ते मोठ्यानं बोला, म्हणजे गाडीतलं कुणीतरी बेरीज-वजाबाकी करेल. पाणी आणि औषधं हाताशी ठेवा.

आणि दिवा लागलाच तर हे आठवा: टायरचे ते ५० मैल ठरल्या ठिकाणी पोचण्यासाठी नसतात. थांबायची जागा निवडता यावी म्हणून असतात. ती जागा मागे असेल तर मागे जायचं.

आम्ही परत आल्यावर गाडीच्या मापाचं एक छोटं जादा चाक आणि जॅक घेतला. मागे पट्ट्यानं घट्ट बांधून ठेवलाय. एका बॅगेची जागा जाते. बाबांना आता एवढा प्रवास झेपत नाही, पण आम्ही कुठे निघालो की त्यांचा फोन येतो. 'जेवलात का' नंतर, 'पोचल्यावर कळवा'च्या आधी, एकच प्रश्न असतो. तो तुम्हाला आता माहीत आहे.

चहा तयार आहे असं मागून खुणावतायत. पण चहाआधी दोन मिनिटं पार्किंग लॉटमध्ये जाऊन आपापल्या गाडीचं मागचं दार उघडून या. मग कोणाकोणाकडे स्टेपनी नाही ते मला सांगा.